छायाचित्रातील छाया : मंद प्रकाशातील मोटार-प्रदर्शने आणि माणसे

१

‘फोटोग्राफी’ ह्या शब्दाची ग्रीक घडण पाहिली तर त्याचा अर्थ प्रकाशाने केलेले लेखन असा होतो. मराठीने मात्र ह्या कलेचे नामकरण करताना प्रकाशाऐवजी छायेचा आश्रय केला. चित्र ते छायाचित्र, ते काढणारा तो छायाचित्रकार, आणि वृत्तपत्रात चित्राच्या कडेला बारीक टायपात जे नाव छापतात त्याच्याही आधी ‘छाया’ हाच शब्द येतो. हा रूढीचा योगायोग आहे असे म्हणून पुढे जाता येईल. परंतु संस्कृतातील ‘छाया’ ह्या शब्दाचा अर्थविस्तार लक्षात घेतला म्हणजे हे नाव ग्रीक नावापेक्षा अधिक नेमके ठरते, असे दिसून येईल.

छाया म्हणजे सावली, हा अर्थ सर्वपरिचित आहे. छाया म्हणजे पाण्यात किंवा आरशात पडलेले प्रतिबिंब, हा दुसरा अर्थ. आणि छाया म्हणजे कांती, रत्नाचे तेज, मुखावरची झळाळी, हा तिसरा अर्थ. पहिल्या अर्थाच्या तो जवळजवळ विरुद्ध टोकाला उभा आहे. ह्याखेरीज नाटकांतील प्राकृत संवादांच्या संस्कृत रूपांतरालाही ‘छाया’ म्हणण्याचा प्रघात आहे. सावली, प्रतिबिंब, कांती आणि रूपांतर हे चारही अर्थ एकाच चौकटीत एकमेकांशी झगडताना पाहावयाचे असतील, तर बंदिस्त सभागृहात भरणाऱ्या मोटार-प्रदर्शनाच्या छायाचित्रांइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल. तेथे गाडी आणि माणूस एकाच अपुऱ्या उजेडात उभे असतात. आणि अपुऱ्या उजेडाची वाटणी नेहमीच कोणाच्या तरी पदरात अधिक व कोणाच्या तरी पदरात उणे टाकणारी असते. ही वाटणी कशी होते आणि तिचा न्याय-अन्याय समीक्षकाने कोणत्या कसोटीने ठरवावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम उजेडाचा हिशेब पाहू. लख्ख उन्हात १०० आयएसओ संवेदनशीलता असता भिंगाचे छिद्र एफ/१६ आणि शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवला म्हणजे चित्र नीट उमटते. प्रदर्शनाच्या सभागृहात १६०० आयएसओ, एफ/२.८ आणि १/६० सेकंद असे मोजमाप सर्वसाधारणपणे लागते. ह्या दोन मोजमापांचा गुणाकार करून पाहिला तर बाहेरचा प्रकाश आतल्या प्रकाशाच्या आठशेपटींहून अधिक ठरतो. मानवी डोळा ही तफावत थोड्याच वेळात पचवून टाकतो, म्हणून प्रेक्षकाला सभागृह तितके अंधारे वाटत नाही. कॅमेऱ्याला ती पचवता येत नाही. त्याला तिची किंमत कोठे तरी मोजावी लागते.

ही किंमत तीन प्रकारे मोजता येते. शटर अधिक वेळ उघडे ठेवावे, तर हलणारी वस्तू पुसट होते. भिंगाचे छिद्र मोठे करावे, तर स्पष्टतेची खोली घटते. गाडीचा दिवा रेखीव आला तर दोन हात पुढे उभा असलेला माणूस धूसर होतो. संवेदनशीलता वाढवावी, तर चित्रावर रवा येतो आणि त्याचा पहिला घाव सावलीतील सूक्ष्म तपशिलावर पडतो. तिन्ही मार्गांत तोटा आहे. मात्र तो तोटा गाडी व माणूस ह्यांच्यात सारखा विभागला जात नाही. गाडी हलत नाही; फिरत्या चौथऱ्यावर ठेवली असली तरी ती ठराविक मंद गतीने फिरते. तिच्यावर दिवे रोखलेले असतात. शिवाय तिचा रोगणाचा पृष्ठभाग आरशाच्या धर्माचा आहे. दिव्याचा किरण तो ज्या कोनात घेतो त्याच कोनात परत करतो, म्हणून गाडीवरील चमक ही खुद्द दिव्याचीच चमक असते. त्वचा मात्र मिळालेला बहुतेक उजेड चहूकडे विखरून टाकते. एकाच दिव्याखाली उभे राहूनही गाडीला कांती मिळते आणि माणसाच्या वाट्याला मंद, पसरट उजेड येतो. आणि तो दिव्याच्या वर्तुळाबाहेर पडला की केवळ सावली.

प्रतिबिंबाचेही असेच आहे. उन्हात काम करणारा छायाचित्रकार ध्रुवीकरणाची काच लावून रोगणावरील अनिष्ट प्रतिबिंबे काढून टाकू शकतो. ही काच निम्म्याहून अधिक उजेड गिळते, आणि सभागृहात तेवढा उजेड दवडण्याची ऐपत नसते. त्यामुळे भोवतालचे प्रेक्षक, छतावरील दिव्यांच्या रांगा आणि कित्येकदा स्वतः छायाचित्रकारही दाराच्या पत्र्यावर वाकड्यातिकड्या आकृतींनी उमटून राहतात. म्हणजे गाडीला कांती आणि माणसाला सावली किंवा प्रतिबिंब, अशी अर्थांची विभागणी सभागृहाने छायाचित्रकार येण्यापूर्वीच करून ठेवलेली असते.

आता ह्या प्रदर्शनांतील एका सर्वपरिचित दृश्याकडे पाहावे. गाडीच्या बाजूला, तिच्या पत्र्यावर अलगद हात ठेवून, एक स्त्री निश्चल उभी असते. हा संकेत बाजाराच्या गरजेतून आणि स्त्रीदेहाकडे पाहण्याच्या विशिष्ट दृष्टीतून आला, हे उघडच आहे. परंतु हीच ठेवण कॅमेऱ्याच्या तिन्ही अडचणी एकदम सोडवते, हे मात्र पुरेसे लक्षात घेतले जात नाही. स्त्री हलत नाही, म्हणून ती पुसट होत नाही. ती गाडीच्या लगत आणि भिंगापासून जवळपास तितक्याच अंतरावर असते, म्हणून धूसर होत नाही. गाडीसाठी लावलेल्या दिव्यातच ती उभी असते, म्हणून सावलीत जात नाही. मंद प्रकाशात स्पष्ट उमटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वस्तूसारखे होणे. जो माणूस वस्तूचे गुणधर्म पत्करील त्याला स्पष्टता. जो चालेल, वळेल, हसेल, त्याला धूसरता, असा हा अलिखित करार आहे.

३

हा करार छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३८ च्या सुमारास लुई दागेर ह्याने पॅरिसमधील बुलेव्हार द्यु तांप्ल ह्या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यासाठी उजेड घेण्याचा काळ मिनिटांच्या हिशेबात होता. वाहता रस्ता त्यात ओसाड दिसतो. घोडागाड्या आणि माणसे नाहीशी झाली आहेत. उरला आहे तो एक गृहस्थ, कारण तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. पॉलिश करणाऱ्याची आकृती मात्र त्याच्याहून अस्पष्ट आहे. जो उभा राहून सेवा घेत होता तो इतिहासात शिरला. ज्याचे हात चालत होते त्याची केवळ चाहूल राहिली. मोटार-प्रदर्शनात फडके घेऊन गाडीवरचे बोटांचे ठसे सतत पुसत फिरणारे नोकर असतात. तिपाईवर कॅमेरा ठेवून संथ शटरने घेतलेल्या चित्रांत त्यांची गतही तीच होते. पत्रा लखलखतो, आणि तो लखलखीत ठेवणारा हात धुरासारखा विरून जातो.

ह्या करारातून सुटण्याचा पहिला उपाय म्हणजे फ्लॅश. गॅरी विनोग्रँड ह्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९६९ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून समारंभ, मेजवान्या व पत्रकार परिषदा ह्यांची चित्रे घेतली. ती १९७७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘पब्लिक रिलेशन्स’ ह्या नावाने प्रदर्शित झाली. फ्लॅशच्या क्षणार्धात हलणारी माणसेही थिजून स्पष्ट होतात, हे ह्या चित्रांचे बळ आहे. परंतु फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने जवळचे पांढरे आणि दूरचे काळे, अशी नवी विषमता तो निर्माण करतो. समोर मोटारीचा पत्रा असेल तर त्यावर उठणारा लखलखाट चित्रच खाऊन टाकतो. मुख्य म्हणजे जागेचा स्वतःचा उजेड त्याने पुसला जातो. मेजवानीच्या गर्दीत हा तोटा सोसतो, कारण तेथे विषय माणसांच्या चेष्टितांचा असतो. मोटार-प्रदर्शनात प्रकाशयोजना हाच विषयाचा अर्धा भाग असल्याने तो सोसत नाही.

दुसरा उपाय एरिश सालोमोन (१८८६–१९४४) ह्या जर्मन छायाचित्रकाराने दाखविला. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने १९२४ साली ‘एर्मानॉक्स’ हा मोठ्या छिद्राच्या भिंगाचा छोटा कॅमेरा बाजारात आणला. तो घेऊन सालोमोन न्यायालये व आंतरराष्ट्रीय परिषदांची दालने अशा ठिकाणी असेल त्या उजेडात चित्रे घेऊ लागला. कॅमेऱ्यात काचेच्या पट्ट्या घालाव्या लागत आणि शटरही बरेच संथ ठेवावे लागे. म्हणजे त्यालाही स्थिरतेची गरज होतीच. परंतु त्याने ती लोकांकडून मागून घेतली नाही. ऐकताना, विचार करताना, कंटाळताना माणूस आपसूक स्थिरावतो तो क्षण तो टिपत असे. येथे स्थिरता आहे, पण ती वस्तूची नव्हे, अंतर्मुख झालेल्या माणसाची आहे. ह्या यहुदी कलावंताचा अंत १९४४ साली आउश्वित्झच्या छळछावणीत झाला.

४

मोटार-प्रदर्शनाच्या चित्रात हा प्रश्न प्रथम गंभीरपणे हाताळला गेला तो रॉबर्ट फ्रँक (१९२४–२०१९) ह्याच्या ‘द अमेरिकन्स’ ह्या ग्रंथात. मूळच्या स्विस असलेल्या ह्या छायाचित्रकाराने १९५५ साली मिळालेल्या गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर अमेरिकाभर प्रवास केला. त्यातून निवडलेली ८३ चित्रे १९५८ साली पॅरिसमध्ये व पुढच्या वर्षी अमेरिकेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील एका चित्राचे नाव ‘मोटोरामा, लॉस एंजेलिस’ असे आहे. मोटोरामा हे जनरल मोटर्स कंपनीचे फिरते आणि अत्यंत खर्चिक प्रदर्शन होते. फ्रँकने तेथे गाडीचे वैभव टिपण्याऐवजी गाडीत बसलेल्या मुलांकडे कॅमेरा वळविला. प्रदर्शनाने ज्याला कांती दिली ते यंत्र येथे केवळ मुलांचे आसन झाले आहे.

पाणिनीय कारकव्यवस्थेच्या परिभाषेत बोलावयाचे तर जी गाडी जाहिरातीच्या वाक्यात कर्ता होती ती येथे अधिकरण झाली, आणि मुलांकडे कर्तृत्व आले. हा विभक्तिबदल स्पष्टतेच्या जोरावर झालेला नाही. फ्रँकच्या ग्रंथातील रवाळ, कलत्या, अपुऱ्या उजेडातील चित्रांवर तत्कालीन अमेरिकन समीक्षकांनी हेच दोष म्हणून बोट ठेवले होते. वस्तुतः तो दोष नसून उपरिनिर्दिष्ट करार मोडल्याची खूण आहे. माणसाने वस्तू व्हावे असा आग्रह न धरता चित्रच थोडे अस्पष्ट होण्यास तयार झाले. ह्याच ग्रंथात लाँग बीच येथील कापडाने झाकलेल्या मोटारीच्या चित्रानंतर महामार्गावरील अपघातात मरण पावलेल्या, पांघरुणाखाली झाकलेल्या माणसांचे चित्र येते. वस्तू आणि माणूस एकाच आच्छादनाखाली आणणारी ही जोडणी पाहिली म्हणजे मोटोरामाच्या चित्रातील निवड सहज घडलेली नव्हती, ह्याची खात्री पटते.

५

जॅकलिन हासिंक (१९६६–२०१८) ह्या डच छायाचित्रकर्तीचा ‘कार गर्ल्स’ हा २००९ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ह्या विषयावरील सर्वांत सलग काम म्हणावा लागेल. जिनिव्हा, पॅरिस, फ्रँकफर्ट, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, टोकियो आणि शांघाय येथील मोटार-प्रदर्शनांत गाड्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या स्त्रियांची ही मालिका आहे. तत्पूर्वी ‘द टेबल ऑफ पॉवर’ ह्या प्रकल्पात हासिंकने युरोपातील मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची टेबले चित्रित केली होती, तीही माणसांविना. दोन्ही कामे शेजारी ठेवली म्हणजे एक कठोर विधान तयार होते. जेथे सत्ता प्रत्यक्ष चालते तेथे माणसे अदृश्य आहेत. जेथे तिचे केवळ प्रदर्शन मांडले जाते तेथे स्त्री पूर्ण उजेडात उभी आहे. दृश्यता आणि अधिकार ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ह्या शेजारातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच एखाद्या निबंधातून होईल.

ह्या स्त्रिया व्यक्ती न राहता बाहुलीसारख्या किंवा साधनासारख्या होतात तो क्षण पकडणे, असा ‘कार गर्ल्स’चा हेतू सांगितला गेला आहे. ‘साधन’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कारकविचारात क्रियासिद्धीचे सर्वांत प्रभावी साधन ते करण. कर्त्याचे लक्षण स्वातंत्र्य. विक्रीच्या क्रियेत कंपनी कर्ता, गाडी कर्म आणि स्त्री करण, अशी ही वाक्यरचना हासिंकने सात शहरांत पुनःपुन्हा नोंदविली. पोशाख बदलतो, चेहरेपट्टी बदलते, परंतु कारकसंबंध बदलत नाही. एकेकट्या चित्रातून हे सिद्ध झाले नसते. ते मालिकेतूनच होते, आणि हेच ह्या ग्रंथाचे खरे यश आहे.

परंतु ह्याच हेतूत त्याची मर्यादाही आहे. बाहुलीपणाचा क्षण हा मंद प्रकाशातील कॅमेऱ्याला सर्वांत अनुकूल असलेला क्षण आहे, हे वर दाखविलेच. म्हणजे प्रदर्शनाच्या आयोजकाला जे हवे, भिंगाला जे सोपे, तेच समीक्षक-कलावंतानेही निवडावे, असे येथे घडते. टीका आणि टीकाविषय ह्यांची चित्रभाषा एक होते, आणि त्यांतील भेद वाचकाच्या सद्बुद्धीवर सोपविला जातो. पाळी संपल्यावर खांदे सैल सोडणारी, टाच दुखते म्हणून पाय बदलणारी, शेजारणीशी बोलणारी स्त्री कॅमेऱ्याला अवघड आहे. ती हलेल, सावलीत जाईल, धूसर होईल. सालोमोनने परिषदेतील मंत्र्यांच्या ठायी जो क्षण शोधला तो हाच. मंत्र्यांना लाभलेला हा अंतर्मुख क्षण ह्या स्त्रियांना मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

तरीही काळाने ह्या मालिकेला एक वेगळे मोल दिले आहे. शांघायच्या प्रदर्शनाने २०१५ साली अशा स्त्रियांना उभे करण्याची प्रथा बंद केली. फ्रँकफर्टचे प्रदर्शन २०२१ साली म्युनिकला गेले, टोकियोच्या प्रदर्शनाने २०२३ साली नाव व स्वरूप बदलले, आणि जिनिव्हाचे प्रदर्शन यापुढे भरणार नाही असे २०२४ साली जाहीर झाले. ज्या दृश्यावर टीका होती ते दृश्यच विरळ झाल्यावर ती चित्रे पुराव्याच्या पदवीला पोचली आहेत.

६

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रकाश, भिंग, फिल्म ही निर्विकार साधने आहेत. त्यांच्या मर्यादांना पक्षपात म्हणणे म्हणजे पदार्थविज्ञानावर नीतीचा आरोप करणे होय, असे कोणी म्हणेल. परावर्तनाच्या नियमांपुरते हे खरे आहे. फिल्मबाबत मात्र ते खरे नाही. कोडॅक कंपनीच्या रंगीत छपाईच्या जुळणीसाठी अनेक दशके ‘शर्ली कार्ड’ नावाने ओळखले जाणारे, गोऱ्या स्त्रीचे प्रमाणचित्र वापरात होते. त्या त्वचेला अनुसरून रंगांचा तोल ठरे, आणि सावळ्या वा काळ्या चेहऱ्यांचा तपशील हरवे. कॅनेडियन अभ्यासिका लॉर्ना रॉथ ह्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखविले आहे की, तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीपुढे परिणामकारकपणे मांडली ती लाकडी सामानाच्या आणि चॉकलेटच्या उत्पादकांनी. पुढे सुधारलेल्या फिल्मची थोरवी सांगताना, मंद उजेडातील काळ्या घोड्याचाही तपशील ती टिपते, अशी भाषा वापरली गेली.

ह्या घटनाक्रमाचा अर्थ स्पष्ट आहे. वस्तूची छाया प्रथम दुरुस्त झाली, माणसाची मागाहून. भारतीय वाचकाला ही गोष्ट परकी नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८६ साली पहिला ‘ऑटो एक्स्पो’ भरला त्या काळी सभागृहात रंगीत फिल्म वापरणाऱ्या येथील छायाचित्रकाराच्या हाती असलेले साधन गोऱ्या त्वचेच्या मापाने जुळविलेले होते. पांढऱ्या गाडीला जपावे तर शेजारचा सावळा चेहरा काळवंडणार, चेहऱ्याला जपावे तर गाडीचा पत्रा जळून कोरा होणार, अशा पेचात तो होता. त्याने जो पर्याय निवडला तो केवळ तांत्रिक नव्हता. वाक्यातील प्रधान पद कोणते, ह्याचा तो निर्णय होता.

७

हा पेच आता यंत्राने सोडविला आहे, असे वरवर दिसते. एकाच दृश्याच्या अनेक अल्पकालीन नोंदी घेऊन, त्या एकमेकींवर बसवून, गणिताने एक चित्र बनविण्याची रीत मोबाइल फोनात रुळली; गूगलने २०१८ साली आणलेली ‘नाइट साइट’ ही सोय तिचेच उदाहरण होय. तिच्यामुळे पत्रा जळत नाही आणि चेहराही काळवंडत नाही. त्वचेच्या छटांबाबतही पूर्वीपेक्षा अधिक काळजी घेतली जाते. ज्यांना शतकभर सावली मिळाली त्यांना स्पष्टता मिळत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र येथे ‘छाया’ ह्या शब्दाचा चौथा अर्थ आठवावा. प्राकृत संवादाची संस्कृत छाया वाचकाची मोठी सोय करते. परंतु तिच्यात विदूषक, दासी आणि राजा एकाच व्याकरणशुद्ध वाणीने बोलू लागतात. कोण कोणत्या बोलीत बोलत होते, आणि त्या बोलीमागे कोणते सामाजिक अंतर होते, ते छायेत उरत नाही. गणिताने समतोल केलेले चित्र अशाच प्रकारचे रूपांतर आहे. त्यात सर्व काही वाचता येते, पण सभागृह अंधारे होते, दिवे एका वस्तूवरच रोखलेले होते आणि माणसे त्या वर्तुळाच्या कडेला उभी होती, ही वस्तुस्थिती पुसली जाते. प्रकाशाची विषमता हा आयोजकाचा निर्णय होता. चित्राने ती झाकली तर तो निर्णयही झाकला जातो. संस्कृत छायेवरून नाटक वाचणाऱ्याने मूळ प्राकृत पंक्तीवरची नजर काढू नये, तसेच अशा चित्राच्या वाचकाने मूळ उजेडाचा शोध सोडू नये.

तेव्हा मंद प्रकाशातील अशा छायाचित्रांपुढे समीक्षकाने ‘किती स्पष्ट?’ हा एकच प्रश्न घेऊन उभे राहणे पुरेसे नाही. कांती कोणाला मिळाली, सावली कोणाला, प्रतिबिंब होऊन कोण उरले, आणि ज्याला स्पष्टता मिळाली त्याला ती कोणत्या मोबदल्यात मिळाली, हे प्रश्न त्याने क्रमाने विचारावेत. फ्रँकचे मोटोरामाचे चित्र ह्या कसोटीला पूर्णपणे उतरते. हासिंकची मालिका करार उघड करते, पण तो मोडत नाही. गुळगुळीत जाहिरातचित्र तो करार चालू आहे हेच लपविते. गाडीची कांती टिपण्यात छायाचित्रकाराचे कौशल्य दिसते. पण फडके घेऊन तिच्यावरचे ठसे पुसणाऱ्या माणसाला, त्याचे हात चालू असतानाच, ओळखू येईल इतका उजेड ज्या चित्रात मिळेल, त्या चित्राने बुलेव्हार द्यु तांप्लवरचे जुने देणे फेडले असे म्हणता येईल.